पुलाखाली रात्रीचा स्ट्रायपर : आमिषाआधी बोटीची जागा ठरवा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. न्यू जर्सीत इझलिनला राहता, वीस फुटी सेंटर कन्सोल बोट नवी घेतली आहे, आणि मेच्या सुरुवातीला मेहुण्यांना घेऊन रात्री हायलँड्सच्या पुलापाशी गेलात. दिव्यांच्या उजेडात स्ट्रायपर, म्हणजे स्ट्राइप्ड बास मासे, वर येऊन टप्‌ टप्‌ आवाज करत होते. सहा इंची रबरी मासा कितीतरी वेळ फेकलात, पण एकानंही तोंड लावलं नाही. त्यातच नांगर सरकला, बोट खांबाकडे ओढली जाऊ लागली आणि तुम्ही गाशा गुंडाळलात. आता तुमचे तीन प्रश्न आहेत: आमिष कोणतं, नांगर कुठे टाकायचा आणि किती वाजता जायचं.

नांगराचं आधी सांगतो, कारण ते जिवाशी निगडित आहे: पुलापाशी रात्री नांगर टाकूच नका. बाकीच्या दोन प्रश्नांचं उत्तर पाण्याच्या ओढीत आहे. मासा कुठे उभा राहणार, कधी खाणार आणि बोट कुठे धरायची हे सगळं ओढ ठरवते. आमिषाचा नंबर त्यानंतर लागतो. दुकानात मात्र सगळे आमिषापासूनच सुरुवात करतात.

तुम्ही मूळचे रायगडचे म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. खाडीतल्या जिताड्याची सवय असलेल्या माणसाला स्ट्राइप्ड बास लवकर कळतो. दोघेही दबा धरून बसणारे, दोघांनाही खांब, खडक, कडा यांचा आडोसा आवडतो आणि पाणी वाहतं असलं की दोघेही तोंड उघडतात. आयुष्यक्रम मात्र उलटा. जिताडा वाढतो खाडीत आणि नदीत, अंडी घालायला जातो समुद्राच्या तोंडाशी. स्ट्रायपर वाढतो समुद्रात आणि वसंतात अंडी घालायला गोड्या पाण्यात चढतो: हडसनमध्ये, डेलावेअरमध्ये, चेसापीकच्या नद्यांमध्ये. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत रॅरिटन बे आणि सँडी हूकच्या आतलं पाणी या माशांनी भरलेलं असतं. काही हडसनकडे निघालेले, काही तिथून परतणारे, आणि काही अजून वयात न आलेले, नुसते खात फिरणारे. तुम्ही ऐकलेला टप्‌ टप्‌ आवाज बहुधा या शेवटच्यांचा.

आता पूल. हायलँड्स आणि सी ब्राइट यांना जोडणारा, रूट ३६ वरचा हा पूल पाण्यापासून साधारण ६५ फूट उंच आहे. दक्षिणेकडून नेव्हसिंक आणि श्रूजबरी या दोन नद्यांचं पाणी एकत्र होऊन येतं आणि याच अरुंद गळ्यातून उत्तरेला सँडी हूक बेमध्ये उतरतं. म्हणजे ओहोटीला पाणी उत्तरेकडे धावतं आणि भरतीला दक्षिणेकडे आत शिरतं. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दोन नद्यांची पात्रं एका चिंचोळ्या वाटेनं भरायची आणि रिकामी व्हायची, त्यामुळे इथली ओढ जबरदस्त आहे.

पुलावरचे दिवे पाण्यावर उजेड टाकतात आणि पुलाचा तळ तो उजेड अडवतो. त्यामुळे पाण्यावर उजेड आणि काळोख यांच्यामध्ये एक सीमा तयार होते. बुटक्या पुलाखाली ही रेषा कठड्याच्या जवळजवळ सरळ खाली पडते. पूल उंच असला की ती पुलापासून बाहेर सरकते आणि जरा पसरट होते. प्रत्येक दिव्याची सावली वेगळी पडते, म्हणून कधीकधी एकाला लागून एक अशा दोन रेषाही दिसतात. सगळ्यात गडद दिसते ती धरायची. स्ट्रायपर या रेषेच्या काळोख्या बाजूला, हातभर आत, तोंड ओढीकडे करून उभा असतो. त्याला उजेडातलं सगळं स्वच्छ दिसतं, तो मात्र कुणाला दिसत नाही. पाण्याबरोबर वाहत येणारी करंदीएवढी कोळंबी, चंदेरी सिल्व्हरसाइड मासे, बंकर माशांची पिल्लं उजेडातून अंधारात शिरतात आणि त्यांचे डोळे अंधाराला सरावायच्या आत गिळली जातात.

मासा तोंड ओढीकडे करून उभा असतो, म्हणून कामाची रेषा ही ज्या बाजूनं पाणी येतंय त्या बाजूची. ओहोटीला पुलाची दक्षिण बाजू, भरतीला उत्तर बाजू. पाणी फिरलं की मासेही बाजू बदलतात. संध्याकाळी जिथे मासे उसळत होते तिथेच मध्यरात्री उलट्या पाण्यात माणसं आमिष फेकत बसलेली मी नेहमी पाहतो.

वेळेचं सगळ्यात मोठं घोडं इथेच अडतं. लोक भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून निघतात. त्यात सँडी हूकला पूर्ण भरती किती वाजता ते दिलेलं असतं. पण पूर्ण भरती झाली म्हणजे पुलाखाली पाणी थांबलं असं होत नाही. बाहेर पातळी उतरायला लागली तरी आतल्या नद्या अजून भरलेल्या नसतात, त्यामुळे पाणी आत धावतच राहतं. आत-बाहेर पातळी सारखी होते तेव्हा कुठे ते थबकतं आणि मग उलटतं. म्हणून भरतीचं नव्हे तर प्रवाहाचं कोष्टक पाहायचं. नोआ ही अमेरिकी सरकारी संस्था ते वेगळं देते, 'करंट' या नावानं. त्यात पाणी कधी थबकणार, सर्वाधिक वेग कधी आणि किती, हे त्या त्या जागेसाठी मिळतं.

पाणी थबकलेलं असताना मासे विखुरतात आणि रेषा रिकामी होते. ओढ भर जोरात असते तेव्हाही उघड्या पाण्यात उभं राहणं त्यांना महाग पडतं. ते तळाला किंवा खांबाच्या आडोशाला जातात. माझ्या मते सगळ्यात चांगला काळ म्हणजे पाणी उलटून ओढ धरू लागतं तो पहिला दीड तास, आणि ओढ मंदावत जाते तो शेवटचा दीड तास. त्यातही ओहोटीचा शेवट मला जास्त आवडतो. नद्यांच्या उथळ भागातलं बारीकसारीक खाद्य तोपर्यंत खाली वाहून आलेलं असतं, आणि मेमध्ये ते पाणी खाडीच्या पाण्यापेक्षा जरा कोमटही असतं. घड्याळात रात्रीचे नऊ असोत की पहाटेचे तीन, काळोख पुरता पडलेला असला म्हणजे झालं.

आता बोट. हा भाग सावकाश वाचा.

न्यूयॉर्क बंदराच्या कोस्ट गार्ड हद्दीत पुलाच्या कोणत्याही खांबापासून २५ यार्डांच्या आत थांबायला किंवा रेंगाळायला मनाई आहे. जलमार्गातून सरळ निघून जायला हरकत नाही, पण तिथे उभं राहून मासे धरता येत नाहीत. हा सुरक्षेचा केंद्रीय नियम आहे आणि पोलीस बोट रात्रीसुद्धा फिरते. २५ यार्ड म्हणजे सुमारे २३ मीटर, तुमच्या बोटीच्या लांबीच्या जवळपास चौपट. उंच पुलाची सावली बाहेर पडते हा इथे तुमचा फायदा आहे. खांबाला चिकटण्याची गरजच पडत नाही.

दुसरं, बोट नेहमी गाळ्यासमोर, म्हणजे दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेसमोर धरा, खांबासमोर कधीही नको. इंजिन बंद पडलं, प्रोपेलरमध्ये दोरी अडकली, काहीही झालं, तरी ओढ बोटीला दोन खांबांमधून सुखरूप पलीकडे नेईल. खांबासमोर असाल तर तीच ओढ बोटीला आडवी खांबावर दाबून धरते, ओढीकडची कड पाण्याखाली जाते आणि बोट भरते. हे व्हायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. त्या रात्री तुमच्यावर वेळ आली होती ती हीच. नांगर सरकला हे एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. तो धरून राहिला असता आणि दोर मागच्या बाजूला कुठे अटकला असता, तर पाणी ट्रान्समवरून, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवरून, आत आलं असतं. नांगर मागून बांधून किती बोटी बुडाल्या आहेत याला गणती नाही.

म्हणून पहिल्या काही रात्री ज्या बाजूला पाणी चाललंय त्या बाजूला, म्हणजे पूल ओलांडून खालच्या अंगाला काम करा. तिथे इंजिन रुसलं तर ओढ तुम्हाला पुलापासून लांब नेते. तिथेही मासे असतात: खांबामागे पाणी दुभंगून पुन्हा मिळतं, तिथे संथ आणि धावत्या पाण्याची शिवण दिसते, आणि त्या शिवणीला स्ट्रायपर हमखास असतो. शिवाय खांबाभोवती प्रवाह तळ खरवडतो, त्यामुळे तिथे खड्डे पडतात. सोनारवर ते पाहून ठेवा. जागेची, आवाजांची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींच्या दिव्यांची सवय झाली की मग वरच्या अंगाच्या रेषेकडे वळा.

वरच्या अंगाला बोट धरायची ती अशी. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, ओढीकडे; पुलाकडे पाठ. पुढे इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर असेल आणि तिला जीपीएसवर जागा धरून ठेवण्याची सोय असेल तर उत्तम, पण मुख्य इंजिनही चालूच ठेवा. संथ, एकसुरी आवाजाला मासे लवकर सरावतात. त्यांना बिचकवतो तो अचानक आलेला आवाज: गिअरचा खट्ट, झाकण आपटणं, डेकवर पडलेलं शिसं. ट्रोलिंग मोटर नसेल तर एकानं सुकाणूपाशी उभं राहायचं, आणि त्या माणसाच्या हातात रॉड असता कामा नये. दोघांनी आळीपाळीनं करा. एकट्यानं रात्री पुलाखाली जाऊ नका.

बोटीचा उजेड रेषेवर पडू देऊ नका. डोक्याला लाल दिवा लावा, तोही पाण्याकडे वळवू नका. डेकचे पांढरे दिवे बंद. पण नेव्हिगेशन दिवे मात्र सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत चालूच हवेत. इंजिन बंद करून बोट वाहत सोडली तरी कायद्यानं ती प्रवासातच असते, म्हणून लाल-हिरवा आणि सगळीकडून दिसणारा पांढरा, तिन्ही दिवे लागतात. मासे बिथरतात म्हणून दिवे मालवणारे लोक मी पाहिले आहेत. असं करणाऱ्याच्या बोटीवर पाऊलसुद्धा ठेवू नका.

लाइफ जॅकेट अंगावर हवं, सीटखाली नव्हे. मेच्या सुरुवातीला इथलं पाणी पन्नाशीच्या घरात, फॅरेनहाइटमध्ये, म्हणजे १० ते १३ सेल्सियस असतं. कोकणच्या पाण्यात पोहून मोठे झालेल्या माणसाला याची कल्पना येत नाही. असल्या थंड पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, पुढची दहाएक मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि नंतर उत्तम पोहणाऱ्यालाही बोटीची कड धरता येत नाही. इंजिन बंद करणारी दोरी, म्हणजे किल स्विच, मनगटाला किंवा जॅकेटला अडकवा; नव्या छोट्या बोटींवर एप्रिल २०२१ पासून ती केंद्रीय कायद्यानं सक्तीची आहे. व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या चॅनेलवर चालू ठेवा. कमरेला सुरी असू द्या.

आता तुमचं आमिष. मासे टप्‌ टप्‌ करत होते आणि सहा इंची रबराकडे बघत नव्हते, याचा अर्थ ते बारीक काहीतरी खात होते. मेमध्ये या नद्यांत ते बहुतेक वेळा पारदर्शक बारीक कोळंबी असते, कधी सिल्व्हरसाइडची पिल्लं, आणि काही उबदार रात्री तळातून वर पोहत येणारे लालसर समुद्री किडे. अशा वेळी स्ट्रायपर तोंड उघडतो आणि पाण्यासकट खाद्य आत शोषून घेतो. तुम्ही ऐकला तो त्याचा आवाज. समोरून एकसारखी करंदी वाहत येत असताना त्यातून वेगळा, मोठा, जोरात पोहणारा मासा त्याला नको असतो. ओंजळीत पाणी घेऊन लाल दिव्यात बघा, किंवा बारीक जाळी पाण्यात धरा. काय वाहतंय ते दोन मिनिटांत कळेल.

मग तीन इंची, फिक्या रंगाचं मऊ रबर पाव औंसाच्या जिगहेडवर, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळावर लावा, वाटल्यास त्याहूनही हलकं. रॉड तुमचा आहे तोच चालेल, फक्त दोरीच्या टोकाला २० पौंडी फ्लुओरोकार्बनचा वाव-दीड वाव (सहा ते नऊ फूट) लांब तुकडा, म्हणजे लीडर, जोडा. रेषेच्या वर, उजेडात, बोटीपासून आडवं फेका. रीळ फिरवू नका. दोरीला जेमतेम ताण ठेवून आमिष ओढीबरोबर वाहू द्या. ते रेषेपाशी येतं आणि दोरी ताणली जाते तशी ते वळतं, चाप घेत रेषेवरून आडवं अंधारात शिरतं. बहुतेक वेळा त्या वळणावरच मासा आमिष घेतो. घास रीळ थांबवल्यासारखा जाणवतो, दोरी अचानक जड होते, कधीकधी फक्त टक्‌ एवढंच. रॉड झटकू नका, दोन फेरे रीळ फिरवून ताण घ्या आणि मग उचला. नुसतं वाहू देणं नवशिक्याला फार जड जातं, हात आपोआप रिळाकडे जातो. पण खरी कोळंबी ओढीच्या विरुद्ध पोहत नाही, आणि हे अंधारात उभ्या माशाला पक्कं ठाऊक असतं.

कमी खोलीवर डुबणारा प्लास्टिकचा मासाही याच रेषेवर चालतो, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, बंकरची पिल्लं आणि मलेट, म्हणजे बोय, खाली उतरतात तेव्हा. तो ओढीत तसाच धरून ठेवायचा. पाणीच त्याला पोहायला लावतं. जागच्या जागी डुलणारा मासा रेषेच्या काठावर दिसला की स्ट्रायपर फार वेळ थांबत नाही. रंगाचं डोकं फार खाऊ नका. उजेडात पांढरा किंवा हाडासारखा, निव्वळ काळोखात काळा. काळा यासाठी की मासा खालून वर बघतो आणि फिकट आभाळावर गडद आकृतीच ठळक दिसते.

ओढ वाढली आणि मासे खाली गेले की बकटेल जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचा केसाळ गळ. वजन किती घ्यायचं याचा एकच नियम मी पाळतो: तळाला अधूनमधून शिवलं पाहिजे, पण घासत जाता कामा नये. पाणी उलटल्यावर पाऊण औंस पुरतं, भर ओढीत दीड-दोन औंस लागतात, पुन्हा मंदावलं की पुन्हा हलकं. रात्रभर एकच वजन बांधून बसणारा माणूस जेमतेम अर्धा तास बरोबर खोलीवर मासेमारी करतो.

आणि मोठा मासा हवा असेल तर जिवंत ईल. आपल्याकडच्या वामेचीच लांबची नातेवाईक. ४ ऑगस्ट २०११ ला कनेटिकटजवळ लाँग आयलंड साउंडमध्ये ग्रेग मायर्सन यांनी वाहत्या बोटीतून जिवंत ईलवरच ८१.८८ पौंडांचा स्ट्रायपर धरला, आणि तो जागतिक विक्रम ठरला. ईल बर्फावर ओल्या फडक्यात ठेवा. गार पडली की शांत राहते, नाहीतर दोरीचा असा गुंता करते की रात्र त्यातच जाते. फडक्यानं धरायची, गळ खालच्या जबड्यातून घालून वरच्या जबड्यातून बाहेर काढायचा. वजन न लावता ओढीबरोबर गाळ्याच्या दिशेनं मागे सोडत जायची. जिवंत किंवा मेलेलं नैसर्गिक आमिष वापरताना स्ट्रायपरसाठी सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, सक्तीचा आहे, तोही वाकडा न केलेला, सरळ पात्यातला. सर्कल हुकवर झटका द्यायचा नसतो. माशानं धरलं, वळला, दोरी जड झाली की नुसतं रीळ फिरवत राहा. गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. झटक्याची सवय मोडायला थोडे दिवस लागतात.

मासा लागल्यावर पहिलं काम सुकाणूवाल्याचं. त्यानं बोट हळूच ओढीविरुद्ध आणि पुलापासून दूर न्यायची, आणि मासा खांबांच्या जंगलातून उघड्या पाण्यात आणायचा. खांबांवरचे काल्वे आणि शिंपले विणलेल्या दोरीला क्षणात कापतात. म्हणून ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, आधीच नीट बसवून ठेवा, दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा, आणि ३० पौंडी विणलेली दोरी व ४० पौंडी लीडरपेक्षा हलकं सामान ईलसाठी वापरू नका. फार हलक्या सामानावर मासा दमवून दमवून आणला की सोडल्यावर तो जगत नाही.

चंद्राबद्दल लोक खूप बोलतात. माझं म्हणणं इतकंच: अमावस्येला सावलीची रेषा ठळक असते, पौर्णिमेला ती फिकी होते आणि मासे पसरतात. दोन्ही वेळा उधाण असतं, म्हणजे ओढ सगळ्यात जास्त. नवख्या माणसानं भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आगेमागे जावं. पाणी सौम्य असतं आणि बोट धरायचा हात बसतो. जुलै-ऑगस्टमध्ये आणखी एक भानगड होते, पाण्यात कंगवा-जेली येतात आणि हात लावाल तिथे हिरवट उजेड चमकतो. दोरी, आमिष, सगळंच पेटल्यासारखं दिसतं. अशा रात्री दोरी जितकी कमी हलेल तितकं बरं. आमिष अगदी संथ वाहू द्या.

कायद्याचं थोडं. न्यू जर्सीत सर्वसाधारण नियमानं स्ट्रायपर माणशी एकच ठेवता येतो, लांबी २८ इंचांपासून ३१ इंचांच्या आतली. त्याहून लहान नाही, मोठाही नाही. मोठा मासा म्हणजे बहुतेक अंड्यांनी भरलेली मादी, म्हणून वरची मर्यादा. नद्या आणि खाड्यांत जानेवारी-फेब्रुवारी बंद असतं. किनाऱ्यापासून तीन मैलांपलीकडे स्ट्रायपर धरणं वर्षभर बेकायदा आहे. आकडी मारून मासा वर घेणं, म्हणजे गॅफ, मना आहे. खाऱ्या पाण्यासाठी राज्याची मोफत नोंदणी करावी लागते. हडसनमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या वर न्यूयॉर्कचे नियम वेगळे आहेत, तिकडे गेलात तर आधी वाचा. हे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला राज्याच्या मत्स्य खात्याचं पान बघत जा.

या नियमांची कुरकुर मी कुणाकडून ऐकून घेत नाही. मेरीलँडमध्ये दरवर्षी चेसापीकच्या वरच्या भागात जाळं ओढून त्या वर्षी जन्मलेली स्ट्रायपरची पिल्लं मोजतात. तिथली दीर्घकाळची सरासरी जाळ्याच्या एका फेरीमागे अकराच्या आसपास आहे. २०२३ मध्ये आकडा आला १.०, आणि २०२४ मध्ये २.०. या किनाऱ्यावरच्या माशांचा सगळ्यात मोठा भाग चेसापीकमध्येच जन्मतो. म्हणजे पुढची काही वर्षं पुलाखाली जे मासे उभे राहतील ते आत्ता पोहत असलेल्यांतलेच. सोडलेल्या माशांपैकी साधारण ९ टक्के मरतात असं व्यवस्थापन संस्था धरून चालते, आणि आपण पकडलेले बहुतेक मासे सोडतो, म्हणून सोडण्याची पद्धत फार महत्त्वाची आहे. रबरी जाळी वापरा. हात आधी ओले करा. खालचा जबडा अंगठ्यानं धरा, दात सँडपेपरसारखे असतात, इजा होत नाही. पण पाठीचे काटे आणि कल्ल्यांची झाकणं हात कापतात. पोटाखाली दुसरा हात द्या, जबड्यावर लोंबकळवू नका. फोटो एकच, तोही मोबाइल आधी तयार ठेवून. मग डोकं ओढीकडे करून पाण्यात धरा, कल्ल्यांतून पाणी जाऊ द्या. तो अंगठा दाबून धरतो, शेपटीचा जोर हाताला कळतो, तेव्हा सोडा.

ठेवलेला मासा खाण्याविषयी तुम्ही विचारलं नाहीत, पण घरी वहिनी विचारतीलच. हडसन आणि रॅरिटनच्या पाण्यात जुन्या कारखान्यांचं पीसीबी हे विषारी रसायन अजून आहे आणि ते माशाच्या चरबीत साठतं. राज्याचा खाण्याविषयीचा सल्ला वाचा. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी तो फार कडक आहे, त्यांना हा मासा वाढू नका. मोठ्यांनीही क्वचितच खावा. कातडी काढायची, पोटाकडची चरबी कापून टाकायची, आणि कातडीखाली बाजूनं जाणारी तपकिरी लाल पट्टी सुरीनं काढून टाकायची. उरतं ते पांढरं, घट्ट मांस. कालवणात ते कोरडं पडतं, म्हणून मी जाड तुकड्या करून आगळ, हळद, तिखट लावतो आणि रव्यात घोळवून तव्यावर भाजतो. बर्फाची पेटी बोटीवर न्यायला विसरू नका. मासा धरताच कल्ले कापून रक्त काढलं आणि लगेच बर्फात घातला तर चवीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.